मागेन तेव्हा परत

४ फेब्रुवारी

भिंगरीस,

आधी ओळख करून देते, नाहीतर पाकीट उलटसुलट करून बघत बसशील. मी तुझी आजी. तुझ्या आईची आई. कोपऱ्यावर जिचं इस्त्रीचं दुकान होतं आणि जिच्या टेबलाखाली तू सुट्टीभर झोपायचीस, ती. उठताना दर वेळी टेबलावर डोकं आपटायचीस. तुझी आठवण तिथेच कुठेतरी सांडली असणार, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझा निळा पत्र्याचा डबा ‘बिस्किटं भरून लगेच पाठवते’ म्हणून घेऊन गेलीस, तेव्हा तुझं लग्न नवं होतं. आता जावईबुवांना टक्कल पडायला लागलंय म्हणे.

फोन करू नकोस. फोनवर मला नुसती घरघर ऐकू येते, आणि मी सगळ्याला ‘हो’ म्हणते. मागे असंच ‘हो’ म्हणून मी कुणाची तरी मांजर आठवडाभर सांभाळली. मला लिहिता येत नाही, पण शेजारच्या टायपिस्टबाईला येतं. कचेरीतून रिटायर झाली तरी तिची बोटं अजून कामावर जातात. मी बोलते, ती टकटक करते. पत्रात कुठे ‘सविनय’ दिसलं तर ते तिचं, माझं नव्हे.

तुझी आई परवा येऊन गेली. म्हणाली, तुम्ही घर घेताय आणि पैसे बँक देणार आहे. बँक का देईल? तिचं तुझं नातं काय? मला नीट समजावून सांग. माझ्याकडे वेळच वेळ आहे, झोप तेवढी नाही.

तुझी आजी

---

१७ फेब्रुवारी

आजी,

टेंगूळ अजून आहे, डबाही आहे. रागावू नकोस. दुकानातून घरी येते तेव्हा डोळ्यांपुढे नुसत्या काचा फिरत असतात. दिवसभर लोकांच्या चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या आणि संध्याकाळी लोनच्या कागदांवरची बारीक अक्षरं वाचायची. टायपिस्टबाई, हे पुढचं जरा सावकाश वाचून दाखवा.

बँक फुकट देत नाही, आजी. घराच्या शंभरातले ऐंशी ती घालते, वीस आपण घालायचे. नोंदणी, वकील, बँकेची फी हे त्यावर वेगळं, आणि तेही आपल्याच खिशातून. ते ऐंशी आम्ही वीस वर्षं दरमहा हप्त्याने फेडायचे. सुरुवातीचे हप्ते बहुतेक व्याजातच जातात, मुद्दल मुंगीच्या पावलाने कमी होतं. तोवर घराचे मूळ कागद बँकेकडे तारण. राहायचं आम्ही, पण हप्ते थकले तर घर विकायचा हक्क तिचा.

व्याजाचे दोन प्रकार आहेत. एक ठरलेलं, थोडं जास्त, पण हलत नाही. दुसरं आज कमी, पण बाजार वर गेला की तेही वर. हा दुसरं घेऊ म्हणतो, मला पहिलं हवंय. आमचं सध्याचं भांडण एवढंच, बाकी भांडायला अंगात जोर नाही.

शिवाय आधीची देणी विचारतात. पगारातला फार मोठा भाग हप्त्यांत जाणार असेल, तर लोन कमी करतात. म्हणून स्कूटरचं लोन आधी मिटवलं.

घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दुसरा मजला, लिफ्ट नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या बायकोच्या नशिबी जिने, असं सगळे म्हणून झालेत. बँकेचा माणूस किंमत ठरवायला येऊन गेला. खिडकीसमोर बेकरीचं धुराडं आहे, म्हणून त्याने ठरल्यापेक्षा कमी किंमत लावली. बँक तिच्याच माणसाचा आकडा धरते. त्यामुळे लोन कमी बसलं आणि आमचे साठवलेले पुरत नाहीत. बघू. होईल काहीतरी.

इथल्या घरमालकाने जूनपर्यंत खोली सोडायला सांगितलीय. हे पाचवं भाड्याचं घर. चार खोके तर दुसऱ्या घरापासून उघडलेलेच नाहीत.

तुझी भिंगरी

---

२६ फेब्रुवारी

भिंगरीस,

बेकरीच्या वासाचे पैसे कापणारा माणूस मी पहिल्यांदाच ऐकला. त्याने उलट वाढवायला हवे होते. सर्दी झाली असेल बिचाऱ्याला.

बाकी समजलं. माझी कोळशाची इस्त्री होती ना, सकाळी तासभर कोळसा नुसता ती तापवण्यात जायचा. एक रुमाल सरळ व्हायचा नाही. तुझे पहिले हप्ते तसे. कोळसा वाया चालला असं मलाही वाटायचं, पण त्याशिवाय दुपारी साड्या निघायच्या नाहीत. आणि हलणारं व्याज नको. मला कुणी विचारलं नाही, तरी सांगते. जावईबुवांचा जन्म खालीवर करण्यात गेला, त्यांना हलणाऱ्या गोष्टींची सवय आहे. तुला एका जागी बसून काच बसवायची आहे.

‘होईल काहीतरी’ म्हणालीस. हे वाक्य मी तुझ्यापेक्षा जास्त वेळा म्हटलंय, त्यामुळे मला त्याचा अर्थ कळतो. दुकान विकलं त्यातले उरलेले पोस्टात पडून होते. टायपिस्टबाईला घेऊन गेले आणि तुझ्या खात्यात टाकले. आभार मानू नकोस, कारण हे उसने आहेत. माझ्या अटी आहेत. मी गमतीत सांगायला लागले तर बाईने यंत्रात नवा कागद घातला, समास सोडला आणि सगळं असं काही उतरवलं की मला स्वतःलाच माझी भीती वाटली. सोबत पाठवते:

*मी खाली अंगठा करणार लिहून देते की, नातीस घराकरिता दिलेली रक्कम उसनी असून मी मागेन तेव्हा ती परत करावयाची आहे. व्याजादाखल दरमहा आल्याच्या बिस्किटांचा एक डबा द्यावा. डबा चुकल्यास पुढील महिन्यात दोन द्यावेत. कडेने करपलेली बिस्किटे वगळू नयेत. माझ्या पश्चात हे येणे टायपिस्टबाईंकडे वर्ग होईल.*

शेवटचं वाक्य तिने आपल्या मनाने घातलं. मी डुलकी लागल्याचं सोंग केलं.

तुझी आजी

---

११ मार्च

आजी,

पैसे मिळाले. तो कागद वाचून आम्ही दोघं किती तरी दिवसांनी हसलो. आता पुढचं ऐक.

बँकेने विचारलं, खात्यात एकदम ही रक्कम कुठून आली. ह्याने विश्वासाने तुझा कागद फाईलला लावून दिला. लोनवाला साहेब माझ्याहून लहान आहे, पण हसत नाही. त्याने कागद दोनदा वाचला. टायपिंग सुरेख, समास सोडलेला, खाली अंगठा, साक्षीदार म्हणून टायपिस्टबाईंची सही. त्यात गंमत कुणाला दिसणार? तो म्हणाला, “मागेन तेव्हा परत म्हणजे त्या उद्याही मागू शकतात. मग हे तुमचे पैसे नाहीत, हे तुमचं देणं आहे.”

म्हणजे आमचे वीस परत कमी पडले आणि वर एक कर्ज वाढलं. मी त्याला बिस्किटांचं सांगायला गेले. माझी आजी अशीच बोलते, असं चारचौघांत उभी राहून सांगत होते. मागे रांग होती. तो म्हणाला, “तुमचं खरं असेल, पण मला कागद बघावा लागतो.”

आता त्याला तुझ्याकडून नवा कागद हवाय. पैसे बक्षीस दिले, परत मागणार नाही, घरावर हक्क सांगणार नाही, असा. तो नाही आला तर लोन नाही.

तिथून दुकानात गेले आणि एका बाईंच्या चष्म्याला उजवीकडची काच डावीकडे बसवली. त्या दारापर्यंत जाऊन खांबावर आपटल्या. मी इतकी दमलेय की मला त्यांची माफी मागायलाही उशीर झाला.

आजी, एक विचारू? ते खरंच उसने होते का? तसं असेल तर स्पष्ट सांग. आम्ही परत पाठवू.

भिंगरी

---

२० मार्च

भिंगरीस,

तुझं पत्र टायपिस्टबाईने वाचून दाखवलं आणि त्यानंतर आम्ही दोघी भांडलो. ती म्हणते, तुम्ही सांगितलंत. मी म्हणते, तू समास सोडलास. मग ती चहा टाकायला उठली, तेव्हा तह झाला.

तू सरळ विचारलंस, म्हणून सरळ सांगते. तुझ्या थोरल्या मामाला मी दुकान काढायला पैसे दिले. डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, परत नको देऊस. पोराने माझा शब्द तंतोतंत पाळला. पैसेही आले नाहीत आणि तोही आला नाही. तुझ्या आईला शिलाई मशीनसाठी दिले, ते उसने. ती अजून फेडते आहे. दर महिन्याला येते, थोडे उशीखाली ठेवते, चहा पिते, माझ्या औषधांवरून भांडते आणि जाते. मशीन कधीच भंगारात गेलं. किती राहिले ते मी सांगत नाही, ती विचारत नाही.

म्हणून मी कुणाला काही बक्षीस देत नाही. फुकट घेतलेल्या माणसाला या गल्लीत परत यायचं कारण उरत नाही.

साहेबाला सांग, म्हातारी मागणार नाही. पण मागणार नाही असं लिहूनही देणार नाही. त्याला कळत नसेल तर त्याच्या आजीला विचार म्हणावं.

तुझी आजी

---

२ एप्रिल

आजींना नमस्कार,

मी पत्र लिहीत नाही हे तुम्हाला माहीत आहे. हेही तिला न सांगता लिहितोय. ती आत झोपलीय, निदान दिवा तरी बंद आहे.

कागद फाईलला मी लावला. चूक माझी. मला वाटलं, बँकेला अंगठा आणि साक्षीदार दिसला की काम होईल. आमच्याकडे लिफ्टच्या तपासणीचा कागद असाच चालतो, आत काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही.

तुमचं पत्र तिने मला वाचून दाखवलं. मामाचं वाचताना हसली. आईचं वाचल्यावर तोंड धुवायला गेली ती बराच वेळ आली नाही. मग म्हणाली, आजीला तसलं काही लिहायला लावायचं नाही, पैसे परत पाठवू. लिफ्ट मध्येच अडकली की आतली माणसं आधी बटणं दाबतात, मग आरडाओरडा करतात, मग गप्प बसतात. ती आता गप्प बसलीय.

घर विकणारे महिनाअखेरपर्यंत थांबणार आहेत. त्यानंतर आमचा बयाणा बुडाला आणि घर दुसऱ्याला. जूनमध्ये आम्ही सहावं भाड्याचं घर बघू. जमेल, आजवर जमलंच आहे. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, एवढंच सांगायला लिहिलं.

आणि तुमच्या निळ्या डब्याबद्दल. तो हरवलेला नाही. आमचे सगळे महत्त्वाचे कागद त्यात असतात, पगाराच्या पावत्यांपासून घराच्या करारापर्यंत. पाच घरं बदलली, कपबशा फुटल्या, कपाट एकदा टेंपोतून पडलं, पण डबा ती दर वेळी मांडीवर घेऊन बसली. रिकामा करायला दुसरी जागा नव्हती म्हणून तो आला नाही.

आपला,
नातजावई

---

९ एप्रिल

भिंगरीस,

मला कुणी काही कळवलेलं नाही. टक्कल पडू लागलेल्या माणसाने तर मुळीच नाही. मला आपलं आपण सुचलं.

सोबत साहेबाचा कागद आहे. काय लिहायचं ते टायपिस्टबाई बँकेत विचारून आली:

*नातीस दिलेली रक्कम मी प्रेमापोटी बक्षीस दिली आहे. ती मी परत मागणार नाही, तिच्यावर व्याज घेणार नाही. त्या घरावर माझा हक्क नाही व राहणार नाही. या रकमेबाबत आमचे आपसांत काही देणेघेणे उरलेले नाही.*

‘प्रेमापोटी’ घालावंच लागतं म्हणे. एवढ्या मोठ्या बँका, पण प्रेम असल्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. आधी ठाऊक असतं तर पहिल्या कागदावरही घातलं असतं, मला काय जड होतं?

अंगठा उठेना. इतकी वर्षं इस्त्री धरून रेषा झिजल्यात. पहिल्या खेपेला कागदावर नुसता जांभळा डाग पडला. मला वाटलं, सुटले. पण बाईने माझा अंगठा पुसला, परत शाईत बुडवला आणि स्वतःच्या हाताने दाबून धरला. म्हणाली, “आजी, आता सोडा.” अंगठा म्हणाली की आणखी काही, मी विचारलं नाही.

जावईबुवांना सांग, हा कागद तरी आधी वाचून मग लावा.

थकले आहे. आज एवढंच.

आजी

---

३० एप्रिल

आजी,

लोन झालं. काल सह्या केल्या, आज किल्ली मिळाली. विकणारे शेवटच्या दिवसापर्यंत थांबले. व्याज ठरलेलंच घेतलं, न हलणारं. हा म्हणाला, आजी आणि तू एकीकडे असताना मी कुठे जाणार.

आनंद झाला म्हणायला अजून फुरसत मिळालेली नाही. सह्या करून करून मनगट सुजलंय. रिकाम्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसले आणि तशीच झोप लागली. संध्याकाळी बेकरीचा वास आला तेव्हा जाग आली. धूर थेट आपल्या खिडकीत येतो, बँकेचा माणूस खोटं बोलला नव्हता. पण वास चांगला आहे, तूही खोटं बोलली नव्हतीस.

साहेबाने तुझा नवा कागद वाचला आणि पहिला परत दिला. म्हणाला, हा आता फाईलमध्ये ठेवता येत नाही. मग खाली बघत म्हणाला, “बिस्किटांबद्दल बँकेचं काही म्हणणं नाही.” मला वाटतं तो हसला. खात्री नाही.

नवा कागद मी त्याच्या टेबलावर पालथा ठेवला होता. शेवटची ओळ पुन्हा दिसू नये म्हणून. आपलं काही देणंघेणं उरलं नाही, ती. ती बँकेसाठी आहे हे मला कळतं. तरी पालथा ठेवला.

निळा डबा घेऊन गेले होते. घराचे मूळ कागद त्यातून काढून बँकेने आपल्याकडे ठेवून घेतले, आता लोन फिटेपर्यंत तिथेच. पावत्या, झेरॉक्स, सगळं त्यांच्या फाईलमध्ये गेलं. परत येताना डबा मांडीवर घेतला तर झाकण खडखडायला लागलं. इतकी वर्षं तो भरलेलाच होता, आज पहिल्यांदा रिकामा आहे.

तुझी भिंगरी

---

१२ मे

भिंगरीस,

घर झालं, बरं झालं. मी बघायला येणार नाही. दुसरा मजला, लिफ्ट नाही, आणि जावई लिफ्टचा. हे जगाला सांगत बसू नका, त्यांची नोकरी जाईल.

आता नीट ऐक. टायपिस्टबाईने तुझी ती पालथ्या कागदाची ओळ मला दोनदा वाचून दाखवली. मी सांगितलं नव्हतं, तिने आपणहून. बँकेला जे लिहून दिलं ते बँकेपुरतं. पैसे मी मागणार नाही, त्या शब्दाला मी बांधलेली आहे, अंगठा माझाच आहे. पण पहिला कागद साहेबाने स्वतःच्या हाताने तुला परत दिलाय. पैशांचं कलम त्यातून गेलं. बाकीचं कुणी खोडलेलं मला दिसत नाही, आणि मला वाचता येत नाही, त्यामुळे दिसणारही नाही.

तुझी आई काल आली होती. उशीखाली ठेवून गेली. तुझं घर झालं म्हणून नेहमीपेक्षा कमी भांडली.

बँकेचा हप्ता आधी भर. तो थकवू नकोस, मी थांबू शकते, बँक थांबत नाही. तो गेला की मग डबा भरायचा. मार्च चुकला, एप्रिल चुकला, तेव्हा अटीप्रमाणे किती डबे होतात ते तू बघ, तू शिकलेली आहेस. पोस्टाने पाठवू नकोस, चुरा होतो. इकडे येणाऱ्या माणसाच्या हाती दे. ओळखीचं कुणी येणारं नसेल, तर मग काय करायचं ते मी सांगणार नाही.

आल्याची पाठव. टायपिस्टबाईसाठी चार बिनसाखरेची, वेगळ्या कागदात. माझी कडेने करपलेली वरच्या थरात ठेव, म्हणजे झाकण काढल्याबरोबर दिसतील. आणि समोरच्या बेकरीतली आणून भरू नकोस. त्यांची करपत नाहीत.

तुझी आजी